शिवाच्या दंडाचा पट्टा

६ जानेवारी १९७४, रविवार

या दोन हातांनी आजवर काय काय केले ते एकदा लिहून ठेवतो. गूळ बाजारातल्या अडत्याचा काटा, जो सरकारी निरीक्षकाने तीन वेळा तपासला आणि तिन्ही वेळा तोंड पाडून परत गेला. स्टुडिओतल्या कॅमेऱ्याचे दातेरी चाक. मूळचे जर्मन होते, ते दोन वर्षांत झिजले, माझ्याला बारावे वर्ष चालू आहे. दातांच्या डॉक्टरचे पायाने चालवायचे ड्रिल. शाळेचे घड्याळ, महिन्याला अर्धा मिनिट पुढे जाते, त्याहून जास्त नाही. माझा स्वतःचा कातकामाचा लेथ, ओतकाम सोडून सगळा. शेवेचा पितळी सोऱ्या, त्याच्या चकतीला एकशे नऊ भोके, सगळी एका मापाची. शिवाचा पाळणा, बेअरिंगवर बसवलेला; एकदा ढकलला की एक्केचाळीस झोके घ्यायचा.

शिक्षण इंग्रजी चौथी, गडहिंग्लज. पुढचे सगळे कॅटलॉग वाचून.

हे आज लिहायचे कारण, परवा शुक्रवारी बेळगावला कोणा शिकलेल्या माणसाने माझ्या मुलाच्या दंडाला पट्टा बांधला आणि त्याला सैन्यासाठी अपात्र ठरवले. शिवा धावण्यात पहिल्या दहांत होता. छाती, डोळे, दात, लेखी, सगळे पास. ब्लडप्रेशर १५४/९६. कागदावर लिहिले आहे की तात्पुरता अपात्र, बेचाळीस दिवसांनी पुन्हा तपासणी. म्हणजे १५ फेब्रुवारी. त्या दिवशी वरचा आकडा १४० च्या आत आला नाही तर विषय संपला, कारण मे महिन्यात त्याला एकवीस पूर्ण होतात आणि पुढच्या भरतीला वय निघून गेलेले असेल.

कागद वाचताना शिवा दारातच उभा होता, चप्पल न काढता. मी विचारले, पट्टा बांधण्याआधी पारा शून्यावर होता का ते पाहिलेस का? त्याने पाहिले नव्हते. वीस वर्षे माझ्या घरात राहून पाहिले नव्हते.

७ जानेवारी

शिवाला घेऊन डॉ. नृसिंह बिडकरांकडे गेलो. मी शेजारी उभा राहून सगळे नीट करून घेतले. १५०/९४. बिडकर म्हणाले, मीठ कमी करा, झोप पुरी घ्या, पोराला मोकळे सोडा, महिन्याने या. याला हे लोक औषधोपचार म्हणतात. वर मलाच म्हणाले, मिस्त्री, दिवाळीत तुम्हाला गोळ्या लिहून दिल्या होत्या, घेताय ना?

या गावातल्या डॉक्टरांची ब्लडप्रेशरची यंत्रे मी चौदा वर्षे दुरुस्त करतो आहे. दहांतली सात खोटे बोलतात. बिडकरांचे स्वतःचे मागच्या वर्षी आठ अंशांनी खोटे बोलत होते आणि त्यांना पत्ता नव्हता. अशा माणसाच्या गोळ्या मी का खाव्यात?

ठरवले. यंत्र मी करणार.

९ जानेवारी

झाले. तीन दिवसांचे काम होते, दोन दिवसांत केले.

रबरी पंपासाठी बाळासोच्या दुकानात जावे लागले. हा डॉक्टरी सामान विकतो, म्हणून स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो. मी यंत्र करतोय हे ऐकल्यावर गिऱ्हाइकांसमोर हसला. म्हणाला, “मिस्त्री, कंपनीचा माल कपाटात पडलाय की. तुमच्या त्या नळकांड्यावर कोण इस्वास ठेवणार?” मी म्हणालो, तुझ्या कपाटातला माल बिघडला की तो माझ्याचकडे येतो. मग पंप काढून दिला.

पेटी सागवानी. नळी तीनशे मिलिमीटरची. दोन-दोन अंशांच्या खुणा कोरल्या आणि आकडे मराठीत घातले. माझे यंत्र इंग्रजी का बोलेल? भिंतीला पाण्याची नळी लावून पडताळून पाहिले. पाऱ्याच्या शंभराच्या खुणेला पाणी एक मीटर छत्तीस सेंटिमीटर चढायला हवे. चढले. पट्टा माझ्या दंडावर बेतला. दंड साडेदहा इंच, आतला फुगा पाच इंच रुंद, अगदी कंपनीसारखा.

पहिला आकडा स्वतःचा घेतला, १७२/१००. दिवसभरात चार वेळा घेतला तरी तेवढाच. यंत्र स्थिर आहे.

मग शिवाचा. १५८/९८.

११ जानेवारी

रीत ठरवून दिली. रोज सकाळी सहा वाजता. लेथशेजारचे स्टूल, पाठ सरळ, तळहात वर, बोलायचे नाही, पाऱ्याकडे बघायचे नाही. मी समोर बसतो, स्टेथोस्कोप लावतो, पारा उतरवत आणतो आणि आकडा मोठ्याने वाचतो, म्हणजे लपवाछपवी नको. मग वहीत लिहितो. एका मापावर विसंबणे अडाण्याचे काम, म्हणून तीनदा घेतो.

आजचे: १५८, १६२, १६६.

चढतच गेले. मी त्याला स्पष्ट सांगितले की तुझा प्रयत्न कमी पडतो आहे. तो म्हणाला, “व्हय, अप्पा.” या मुलाचे हे असेच. काहीही विचारा, व्हय.

१४ जानेवारी, संक्रांत

शिवाच्या आईने, शांतादेवीने, घरातले सगळे जेवण बिनमिठाचे केले आहे. मुलासाठी म्हणते, पण वाढते मलाही. वांग्याच्या भाजीला माती लागली असती तर बरी, इतकी बेचव. मी विचारले, माझ्या ताटात मीठ का नाही? म्हणाली, एका चुलीवर दोन स्वयंपाक होत न्हाईत.

आज भरतीचा फॉर्म पुन्हा वाचला आणि एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. शिवाने टेक्निकल मागितलेलेच नाही. सैन्यात वर्कशॉप असतात, तिथे माझ्या हाताखाली तयार झालेला मुलगा दोन वर्षांत सगळ्यांच्या वर गेला असता. याने साधा शिपाई मागितला आहे. बंदूक घ्यायची आणि चालायचे. मी कारण विचारले. तिळगूळ चघळता चघळता म्हणाला, “तिथं नुसतं चालायचं असतंय, अप्पा. कुणी मापत न्हाय.”

असल्या उत्तराला काय म्हणायचे? बूट मापाचे नसतील तर चालणार कसा?

सकाळचे: १५६, १६०, १६०.

१९ जानेवारी

तालमीतला सयाजी आला होता. शिवा आठ दिवस मातीत उतरला नाही, काय झाले ते बघायला. शिवापेक्षा दहा वर्षांनी मोठा, डोक्यात काही नाही, पण स्वभाव गरीब. मी सांगितले की ब्लडप्रेशर. त्याला वाटले आतड्याचा आजार.

गंमत म्हणून त्याला स्टुलावर बसवले. हा माणूस दिवसाला तीन लिटर दूध पितो, दुपारी चार तास झोपतो आणि रेडा अंगावर आला तरी वळून बघणार नाही. पट्टा त्याच्या दंडाला पुरेना. कसाबसा गुंडाळून सुतळीने बांधला.

१६८.

पुन्हा घेतला, १६८. त्याला विचारले, काही काळजी आहे का? म्हणाला, “काळजी म्हंजे काय वो?”

तो गेल्यावर शेजारच्या कृष्णात शिंप्याला बोलावले. हा रोज बायकोशी भांडतो, रात्री झोपत नाही, चहावर जगतो. दंड नऊ इंच. ११२.

इथे काहीतरी आहे. उद्या बघतो.

२३ जानेवारी

सापडले. चार दिवसांत पेठेतले एकोणीस दंड मोजले आणि वहीत दोन रकाने मांडले: दंडाचा घेर आणि आकडा. जिथे घेर तेरा इंचांच्या वर, तिथे आकडा वर. माणूस शांत असो, तापट असो. उघड गोष्ट आहे. पाच इंची फुगा जाड दंडाला पुरत नाही, शीर दाबायला हवा जास्त भरावी लागते आणि ती जास्तीची हवा माणसाच्या नावावर चढते. मोजणारे गाढव आणि रोगी कोण, तर ज्याने व्यायाम केला तो! कोल्हापुरातल्या पोरांना असल्या पट्ट्याने मोजायचे म्हणजे शंभरातली चाळीस घरी पाठवायची.

बिडकरांना जाऊन सांगितले. ते म्हणाले, हो हो, कॉलेजात होते खरे असे काहीतरी. असे काहीतरी! यांच्या भिंतीवर काचेत पदवी आहे.

नवा पट्टा करायला घेतला. त्यासाठी शिवाचा दंड नीट मोजला, साडेचौदा इंच. कोपराच्या वर आतल्या बाजूला एक पांढरा डाग आहे. विचारले, हा कशाचा? म्हणाला, लेथचा कीस उडाला होता, मी सातवीत असताना. मला आठवेना. म्हणाला, “तुम्ही हुता की तिथंच. बघून काम कर म्हणालता.”

सहा इंच रुंद फुगा, ट्रकच्या ट्यूबचा. वर जाड मांजरपाट, दुहेरी शिवण. शिवण शांतादेवीने घातली, पण माप माझे.

२५ जानेवारी

नव्या पट्ट्याने सयाजी १३०. कृष्णातला तो पट्टा दोनदा गुंडाळला जातो, त्याचे बोलायला नको.

शिवा: आधी जुन्या पट्ट्याने १५८, लगेच नव्याने १४६. पुन्हा उलटसुलट घेतले, फरक तोच. बारा अंश. हे बारा अंश बेळगावच्या लोकांनी माझ्या मुलाच्या अंगावर फुकट टाकले होते.

पण उरलेले १४६ कुठून आले? पट्टा बरोबर, नळी बरोबर, पारा स्वच्छ, मोजणारा मी. म्हणजे दोष मुलात. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण वहीत खोटे लिहायचे नाही.

ठरवले की १५ तारखेला मी बरोबर जाणार. यंत्र आणि पट्टा घेऊन. त्या डॉक्टरसमोर पेटी उघडीन आणि म्हणेन, साहेब, तुमचे बाजूला ठेवा, आता यावर घ्या. नाही ऐकले तर एकोणीस दंडांचा तक्ता काढीन.

३१ जानेवारी

आज मिरजेला गेलो होतो, एका इस्पितळाची चार यंत्रे दुरुस्तीला होती. पहाटे निघालो, दिवेलागणीला परत. त्यामुळे सकाळचे माप राहिले. एकवीस दिवसांत पहिला खाडा.

हात धुऊन वही उघडली तर ३१ तारखेच्या रकान्यात पेन्सिलने लिहिलेले होते: १२२/७८.

अक्षर शांतादेवीचे. विचारले तेव्हा म्हणाली, रोज बघून बघून यायला लागलंय. आकडे मराठीत हाईत, ठोका ऐकू येतोय, त्यात काय एवढं. माप स्वयंपाकघरात घेतले म्हणे. शिवा पाटावर बसला होता, ही चुलीवरची भाकरी उलटून आली आणि पट्टा बांधला. तो बोलत होता. बोलत होता! मी विचारले, काय बोलत होता? तर म्हणे सयाजीची नक्कल करत होता आणि दोघे हसत होते.

मी सांगितले की हे माप नव्हे, हा पोरखेळ आहे. हात कुठे होता, पाठ कशी होती, किती वेगाने उतरवलेस, काही ठिकाणा नाही. मग तिने भाकरीचे पीठ हाताला तसेच असताना माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, “पट्टा त्योच, दंड त्योच. तुम्ही नव्हता घरात. एवढंच येगळं हुतं.”

खोडरबर घेतले. मग ठेवून दिले. पेन्सिलचे आहे, नंतर पुसता येईल.

१ फेब्रुवारी

शिवा: १४८, १४८, १५२. सहा वाजता, स्टुलावर, नियमाने. कालचा आकडा खोटा हे सिद्ध झाले.

३ फेब्रुवारी

तरीही शंका मनात ठेवणे माझ्या स्वभावात नाही. शांतादेवीची परीक्षा घेतली. मी, कृष्णात, सयाजी, समोरचा पानवाला आणि गडहिंग्लजहून आलेली माझी बहीण रत्नव्वा, असे पाच दंड. आधी मी मोजायचे आणि आकडा झाकून ठेवायचा, मग तिने मोजायचे.

पाचांतले तीन तंतोतंत. दोन ठिकाणी दोन अंशांचा फरक. माझा मी १७४ घेतला, तिने १७६. तो आकडा वाचल्यावर ती पट्टा सोडायचे विसरून तशीच बसली. रत्नव्वा म्हणाली, “अण्णा, हा आकडा पोराचा असता तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस.” मी म्हणालो, मला कुठे भरती व्हायचे आहे? दोघी हसल्या नाहीत.

मुद्दा असा की बाई वाचायला चुकत नाही. मग ३१ तारखेला चुकले काय? पारा? थंडीत पारा आकसतो, पण इतका नाही. हिशेब केला, अर्ध्या अंशाचाही फरक पडत नाही.

दुसरे कारण सुचत नाही. सुचत नाही असे लिहितो.

७ फेब्रुवारी

आज माप घेतले नाही. बोटाला पत्रा लागला आहे, पंप नीट दाबता येत नाही. डाव्या हाताचे बोट आहे, पण कामात अडथळा होतोच.

शिवा सहा वाजता स्टुलावर येऊन बसला होता. उद्यापासून तालमीला जा म्हणून सांगितले. त्याने दोनदा विचारले, खरंच जाऊ?

११ फेब्रुवारी

चार दिवसांनी घेतले. खोलीत येण्यापूर्वी अंगणात तो शीळ घालत होता, ती ऐकू येत होती. मी स्टेथोस्कोप कानाला लावला आणि म्हणालो, बस. १४४.

शीळ घालणाऱ्या माणसाचा आकडा उंबरा ओलांडताना चढतो, असे कुठल्या पुस्तकात आहे?

जेवताना शिवा ताटाकडे बघत म्हणाला, “अप्पा, शुक्रवारी मी एकटा जातो.”

मी म्हणालो, पेटी नऊ किलोची आहे, त्यात पारा आहे, तुला सांभाळता येणार नाही. शिवाय रुंद पट्टा त्यांना समजावून कोण सांगणार? तू? तुला तर शून्यही बघता येत नाही. तो म्हणाला, व्हय. शांतादेवीने माझ्या ताटात भाकरी वाढली ती जरा आपटूनच.

विषय संपला. मी जाणार.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

हे निपाणीच्या स्टँडवर बसून लिहितो आहे. वेळ दुपारची एक वाजून दहा मिनिटे.

सकाळी साडेपाचच्या एसटीने निघालो. पेटी माझ्या मांडीवर. शिवा खिडकीशी. कागल जाईपर्यंत एक शब्द बोलला नाही, उजवा हात डाव्या दंडावर ठेवून बसला होता. मी त्याला सगळे पुन्हा एकदा सांगत होतो: पाठ सरळ, तळहात वर, आत शिरताना मी पुढे होईन, तू मागे राहा, बोलायचे मी बोलेन. तो मान हलवत होता. कपाळावर घाम होता, फेब्रुवारीच्या पहाटे, खिडकी उघडी असताना. मनगटाखाली त्याची शीर उडताना मला दिसत होती. स्टेथोस्कोप न लावता मोजता आली असती. शंभराच्या वर.

सहा चाळीसला निपाणी. कंडक्टर म्हणाला, दहा मिनिटं. मी शिवाला सांगितले, पारा सांडतोय का ते बघून येतो, इथे अंधारात दिसत नाही. पेटी घेऊन उतरलो. कँटीनच्या दिव्याखाली उघडून बघितली. पारा सांडला नव्हता. मग चहा घेतला.

गाडी सहा पन्नासला सुटली. मी कँटीनच्या खांबाशी होतो. घड्याळ पाहण्यात माझी चूक झाली.

शिवाने खिडकीतून मागे बघितले. मी हात केला, जा, मी येतो मागच्या गाडीने.

त्यानंतर आतापर्यंत बेळगावकडे नऊ गाड्या गेल्या. सहांत गर्दी होती. तीनमध्ये जागा होती, पण पेटी ठेवण्याजोगी नव्हती. इथली कँटीन अत्यंत गलिच्छ आहे. बाकाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठा घातला, आता हलत नाही. स्टँडवरचे घड्याळ चार मिनिटे मागे आहे आणि याची कोणाला लाज नाही.

त्याच्याजवळ रुंद पट्टा नाही. तो इथे पेटीत आहे. हे मला गाडी सुटल्यावर आठवले. सकाळपासून मला दुसरे काही सुचलेले नाही.

रात्री, घरी

चार वीसच्या गाडीने आला. खिडकीतून मला बाकावर बसलेले बघितले आणि गाडी थांबायच्या आत उतरला. म्हणाला, “अप्पा, तुम्ही हितंच?”

मी म्हणालो, गाडी चुकली.

त्याने माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघितले. मग स्टँडवरच्या घड्याळाकडे. मग माझ्या शेजारी बसला.

मी विचारले, किती?

“एकशे चौतीस. खालचा ब्याऐंशी. पास हाय, अप्पा.”

पारा शून्यावर होता का, असे विचारणार होतो. तोच म्हणाला, “बघितला म्या. शून्यावर हुता.”

मग चहा घेतला, दोघांनी. कँटीनवाला म्हणाला, पावणं, सकाळपासनं बसलाय, आता तरी हसा की. परत येताना पेटी शिवाने मांडीवर घेतली आणि वाटेत सगळे सांगत राहिला: रांग किती होती, डॉक्टर मल्याळी होता, पुढच्या पोराला भोवळ आली. कागलपासून कोल्हापूरपर्यंत बोलत होता. इतके शब्द या मुलाजवळ आहेत हे मला ठाऊक नव्हते. मी मध्ये काही दुरुस्त केले नाही.

घरी आल्यावर शांतादेवीने आधी त्याच्याकडे बघितले, मग माझ्याकडे. मी सांगितले, निपाणीला गाडी चुकली. ती म्हणाली, “तुमची?” आणि आत जाऊन माझ्या भाजीत मीठ घातले. अगदी थोडे.

सगळे झोपल्यावर वही काढली. त्यांचा पट्टा पाच इंची. शिवाच्या दंडावर त्याची चूक बारा अंशांची, ती मी स्वतः मोजलेली आहे. १३४ मधून १२ वजा केले.

१२२.

३१ जानेवारीचा आकडा पेन्सिलचा होता. त्यावरून शाई फिरवली.

४ मार्च

शिवा काल बेळगावला सेंटरवर रुजू झाला. स्टँडवर पोचवायला शांतादेवी आणि सयाजी गेले. मला लेथवर काम होते. गाडी नऊ वाजून पाच मिनिटांनी सुटली असे सयाजी म्हणाला. नऊ दोनला सुटली, कारण हॉर्न मी इथून ऐकला.

सकाळी सहाला सवयीने स्टूल पुढे ओढले.

१० मार्च

तालमीत बातमी पसरली आहे. रोज सकाळी दोन-तीन पोरे भरतीआधी माप घ्यायला येतात. मी रीतीप्रमाणे स्टूल देतो. ती म्हणतात, मिस्त्री, काकूंकडून घेतो, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसतात. काय हसणे चालते तिथे! मी लेथवरून आकडे विचारतो, ती सांगते, मी लिहितो. वही शेवटी माझी आहे.

आज पोरे गेल्यावर तिने मलाही पाटावर बसवले. रुंद पट्टा माझ्या दंडाला सैल पडतो, दीड वेढा बसतो, म्हणून जुना बांधला. १७४. मी म्हणालो, तू घे नाहीतर मी घेईन, माझा आकडा हलत नाही. मी कोणाला घाबरणारा माणूस नाही. ती म्हणाली, म्हणूनच तर. आणि बिडकरांची गोळी तळहातावर ठेवली. घेतली. वाद घालायला वेळ नव्हता, लेथ चालू होता.

१७ मार्च

बाळासो आज स्वतः चालत कारखान्यात आला. खुर्ची पुसून बसला. म्हणाला, मिस्त्री, तुमच्या पट्ट्याचं ऐकतोय, मुंबईच्या एका कारखानदाराला नमुना दाखवायचा हाय, पेटीसकट द्या. मी विचारले, नळकांड्यावर आता विश्वास बसला का? बाळासो पट्टा हातात घेऊन उलटसुलट बघू लागला. मांजरपाटावर आतल्या बाजूला घामाचा गोल डाग पडला आहे, तिथे त्याचा अंगठा होता. मी पट्टा काढून घेतला.

म्हणाला, “दुसरा करा की वो. तुम्हाला काय अवघड हाय?”

मी म्हणालो, दुसरा करीन, त्या कारखानदारासाठी, दोन दिवसांत, याहून चांगला. हा मिळणार नाही. हा साडेचौदा इंचांचा आहे आणि तो माणूस दिवाळीला रजेवर येणार आहे. बाळासोने नोटा काढून लेथवर ठेवल्या, मोजून, माझ्या डोळ्यांसमोर, म्हणजे माझे मन बदलेल. मी त्या उचलून त्याच्या खिशात परत घातल्या. अकराशे एक रुपये होते.